हातभर लांब

ह्यांनी आमच्या घरात फरशीवर पिवळे पट्टे मारले, त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की आता ह्या माणसाशी भांडल्याशिवाय आपली सुटका नाही.

हे म्हणजे माझा नवरा. वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात जन्म काढला, दोन वर्षांमागं रिटायर झाले. कारखान्यात धोक्याच्या मशीनभोवती जमिनीवर पिवळी चौकट असते आणि तिच्या आत कुणी उगाच पाय टाकायचा नाही, अशी शिस्त असते. ती शिस्त ह्यांनी बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत आणली. फ्रिजला चौकट, टीव्हीला चौकट, माझ्या शिलाई मशीनला चौकट, ओट्याजवळ मिक्सरच्या हद्दीची रेघ. रंगाचा उरलेला डबा आणि मोजपट्टी घेऊन माणूस दोन दिवस फरशीवर गुडघ्यांनी सरकत होता, आणि ते गुडघे आधीच कामातून गेलेले. शेजारच्या बायका दारातून डोकवायच्या आणि विचारायच्या, वहिनी, घरात काही पूजा हाय का?

पूजाबिजा काही नव्हती. माझ्या छातीत डबी बसवली होती.

डबी म्हणजे डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीहून जराशी मोठी अशी चपटी वस्तू. तिच्यातून एक वायर हृदयात गेलेली. हृदय मध्येच भलतंच पळायला लागलं, नुसतंच थरथरायला लागलं, की ही डबी आतल्या आत झटका देते आणि त्याला ताळ्यावर आणते. डॉक्टर लोक तिचं लांबलचक इंग्रजी नाव घेतात. आम्ही घरात डबीच म्हणतो.

मी लेडीज टेलर. पुढची खोली माझं दुकान, मागची खोली आमचा संसार. सोयगावकडून लग्न होऊन इथं आले तेव्हा ह्या वसाहतीत मी कुणाला ओळखत नव्हते. हे शिफ्टला गेले की भिंतींशी बोलायची वेळ यायची. मशीन घेतलं आणि बायका यायला लागल्या. कुणाची गळ्याची तक्रार, कुणाची बाहीची, कुणाची सासूची. मापं घेता घेता मला सगळं गाव मिळालं. त्या पहिल्याच वर्षी ह्यांनी मला एक वस्तू करून दिली होती. टाचण्या सारख्या खाली पडायच्या आणि ह्यांच्या पायात घुसायच्या, म्हणून ह्यांनी एका फुटक्या रेडिओतून रुपयाएवढी काळी चकती काढली आणि काळ्या गोफात ओवून माझ्या गळ्यात घातली. मी तिला लाल मखमलीचं कव्हर शिवलं. टाचण्या तिला आपोआप चिकटून बसायच्या. तेव्हापासून सकाळी अंघोळ झाली की गळ्यात मंगळसूत्र, टेप आणि चकती, हा माझा साज. गोफ लांब होता, चकती लोंबून कापडावर यायची, म्हणून मी ती उचलून डाव्या खांद्याखाली पदरात खोचून ठेवायचे. हातालाच ती जागा माहीत होती.

आता पडले त्या दिवसाचं सांगते. रविवारची दुपार होती. राणी रंगाच्या ब्लाउजची बाही लावत होते, एवढंच मला आठवतं. बाकीचं सगळं ह्यांच्या तोंडून ऐकलेलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. हे आत चहा गाळत होते. धप्प आवाज ऐकून बाहेर आले, तर मी मशीन आणि भिंत ह्यांच्या मधल्या फटीत. नाडी लागेना. कारखान्यात दरवर्षी एक वर्ग घ्यायचे, माणूस पडला तर काय करायचं त्याचा. कामगार मागं बसून डुलक्या काढायचे म्हणे. ह्यांनी मात्र तो वर्ग लक्ष देऊन ऐकलेला. मला ओढून मोकळ्यात घेतलं आणि छाती दाबायला लागले, ती ॲम्ब्युलन्स दारात येईस्तोवर दाबतच राहिले. माझ्या दोन बरगड्या मोडल्या. पुढं ॲम्ब्युलन्समधल्या लोकांनी झटके दिले आणि हृदय चालू झालं.

दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा पहिलं ह्यांचं तोंड दिसलं. हा माणूस माझ्यासमोर कधी रडला नव्हता. तेव्हाही रडला नाही, पण खालचा ओठ एकसारखा हलत होता. पडले मी, पण मोडले हे. ते मला तिथंच कळलं आणि पुढं जे काही घडलं त्यात मी ते एकदाही विसरले नाही. विसरले असते तर भांडण लई सोपं झालं असतं.

डबी बसवून घरी सोडताना त्यांनी एक इंग्रजी पुस्तिका दिली. ह्यांनी चष्मा लावून, एकेक शब्दावर बोट ठेवून ती वाचली. विजेची उपकरणं, मोटरी, मोबाईल, स्पीकर, चुंबकं. तिथं लांबून वापरा, जपून वापरा असंही लिहिलेलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला लांबून आणि जपून हे शब्द दिसत नाहीत. ह्यांना सगळीकडं मरणच दिसायला लागलं. मिक्सर कपाटात गेला आणि पाटा-वरवंटा बाहेर आला, तो अर्थात ह्यांनीच वाटायचा. मोबाईल दाराबाहेरच्या खिळ्याला पिशवीत. तो वाजला की हे धावत जाऊन उचलणार आणि तिथूनच ओरडून निरोप सांगणार. रेडिओ शेजारी दिला. फ्रिजच्या दाराला चिकटवलेला प्लास्टिकचा पोपट होता, त्याच्या पोटात चुंबक आहे म्हणून त्यालाही हद्दपार केलं.

सगळ्यात शेवटी माझ्या मशीनची मोटर गेली. मी मागच्या खोलीत पडून होते, बाहेर पान्याचा आवाज आला. उठून बघते तर मोटर सोडवून ह्यांच्या हातात, आणि मशीनला जुना पायडलचा पट्टा. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. मी म्हणलं, मोटर मशीनच्या उजव्या अंगाला, डबी माझ्या डाव्या अंगाला, दोघींची गाठ पडते कुठं? हे म्हणाले, करंटचं तुला काय कळतं. मोटर कुठंतरी लपवली. कुठं ते सांगितलं नाही.

बरं, ह्यांना करंटचं किती कळतं ते आम्ही शहरातल्या कापडाच्या दुकानात बघितलं. पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या. मोठं दुकान, दारात दोन उभे खांब, चोरीचा माल त्यांच्यामधून गेला की वाजणारे. मी आपली सरळ चालले होते. ह्यांनी माझं कोपर धरलं आणि मला बरोबर त्या दोन खांबांच्या मधोमध उभं केलं. मग रखवालदाराला विचारायला लागले, हे चालू आहे का, बंद करता येतं का, हिच्या छातीत मशीन आहे. मागं गिऱ्हाइकांची रांग. रखवालदार दवाखान्यानं दिलेलं डबीचं कार्ड उलटंसुलटं बघतोय, मालकाला हाका मारतोय, आणि मी देवीच्या मूर्तीसारखी मखरात उभी. शेवटी मी कोपर सोडवून घेतलं आणि आत निघून गेले. पुढं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्या खांबांमधून चालत जायला काही हरकत नाही, फक्त तिथं मध्ये थांबायचं तेवढं नाही. आता बोला.

तीन महिन्यांनी मी पायमशीनवर बसायला लागले. डावी बाजू अजून हुळहुळत होती, म्हणून चकती मी पदरात न खोचता कमरेला अडकवायचे. पायडल मारून मारून संध्याकाळी पाय सुजून यायचे. चार ब्लाउज व्हायचे तिथं एक होईना. लगीनसराई तोंडावर आली आणि बायका कापडं परत न्यायला लागल्या. लाजत न्यायच्या, तुमची तब्येत महत्त्वाची वहिनी, असं म्हणत न्यायच्या. भरलेली पिशवी हातात घेऊन त्या पायरी उतरायच्या आणि मला वाटायचं, मला कुणी हळूहळू उसवतंय.

आणि एका सकाळी हे म्हणाले, लगीनसराई झाली की दुकान बंद करू. मशीन विकू. पुढच्या खोलीत तुझ्यासाठी खाट टाकू, वारा चांगला येतो तिथं.

मी कणीक मळत होते, तशीच हात भरलेले घेऊन बाहेर आले. म्हणलं, मला खाट नको. मला मशीन पाहिजे, मोटरीसकट.

 हे म्हणाले, "तू माझ्यासमोर एकदा मेलीस. परत मला बघायचं नाय."

"जगवलंत ना? मग जगू द्या."

 हे उठून पाटा धुवायला गेले. पण खाटेचा विषय मोडला नाही. दोन दिवसांनी सुताराला माप सांगून आले.

त्याच आठवड्यात ह्यांना सोयगावला भावाकडं जावं लागलं, पुतणीच्या लग्नाची तयारी करायला, आठ दिवसांसाठी. निघताना दाराशी उभे राहून एकेक चौकट मला परत दाखवली. आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या आपांना सांगून गेले, लक्ष ठेवा.

आपा म्हणजे माझी कामातली जोडीदारीण. मी शिवलेल्या ब्लाउजच्या गळ्यावर, बाहीवर त्या जरीचं काम करतात. वीस वर्षं झाली, माझी शिवण आणि त्यांची सुई असं चाललंय. हे रस्त्याच्या वळणाला गेले असतील-नसतील, आपा आल्या. पदराखाली पिठाचा डबा. डबा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "भाभी, तुमारी मोटर मेरे पास है. भाईसाब ने कसम दिलाई थी. कसम न बताने की थी, न देने की नहीं."

मला हसू आवरेना. हसताना बरगड्या अजून दुखायच्या, तरी हसले. मोटर पुसली, स्क्रू आवळले, पट्टा चढवला. पट्टा जरा ढिला राहिला, ते कसब ह्यांचंच होतं, पण चाललं. पायाखालचं बटण दाबलं आणि मशीन पळालं. मी रडले की काय ते आपांना विचारा. मी सांगणार नाही.

त्या दिवशी मी पिवळ्या चौकटीत बसून तीन ब्लाउज उडवले. मिक्सर काढून शेंगदाण्याचं कूट केलं. मोबाईल खिळ्यावरून काढून उजव्या कानाला लावला आणि बहिणीशी पोटभर बोलले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी परत नेलेली दोन कापडं परत आली. मी आपांना म्हणलं, बघा, ठणठणीत आहे का नाही? अंगात असं वारं शिरलं होतं की चार बायका पुढं असत्या तर भाषण ठोकलं असतं. जखमेची जागा आता दुखत नव्हती, हात जुन्या वेगानं चालायला लागले होते.

तिसऱ्या दिवशी मी मोटर थांबवून दोरा ओवत होते आणि टीं टीं टीं असा बारीक आवाज यायला लागला. मोबाईल बघितला, तो गप्प. खिडकीतून गल्लीत बघितलं. सरळ उभी राहिले तर आवाज थांबला. परत कामाला वाकले तर परत टीं टीं. समोर आपा ब्लाउजच्या गळ्याला खडे लावत होत्या. त्यांनी सुई थांबवली, कान दिला आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. म्हणाल्या, "भाभी, ये आवाज तुमारे अंदर से आरी."

पहिला संशय मोटरीवर. मी भिंतीतला प्लगच उपसून काढला. वाकले. टीं टीं. म्हणजे मोटर नव्हती. मोटर नव्हती ह्याचा मला आनंद झाला, खरं सांगते, पहिला आनंदच झाला. आणि मग दुसरा विचार आला. मोटर नाही तर डबीच बिघडली असणार.

इथं मी चूक केली, ती मान्य करते. मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. आपांनाही गळ्याची शपथ घालून गप्प केलं. ह्यांना फोनवर सांगितलं, सगळं बरं आहे, पायमशीनवर बसते. मला माहीत होतं, ह्यांच्या कानावर हा आवाज गेला की त्याच दिवशी खाट येणार आणि मशीन जाणार. आत काहीतरी टीं टीं करत होतं आणि मी तशीच वाकून शिवत होते. कधी वाजायचं, कधी नाही. वाजलं की जरा मागं सरायचे आणि थांबलं की पुढं. मरणाची भीती होती. पण त्या खाटेची भीती तिच्याहून मोठी होती.

हे गेल्याच्या पाचव्या दिवशी आपांनी सुई-दोरा खाली ठेवला. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला, नाहीतर मी भाईसाबना फोन लावते, मग तुमची शपथ गेली उडत. रिक्षा त्यांनीच दारात आणून उभी केली. मी मशीनवरून उठले तशीच बसले, केससुद्धा विंचरले नाहीत.

डबी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानं मला लेकीसारख्या. त्यांनी खांद्यावर एक चपटं यंत्र ठेवलं, समोरच्या पडद्यावर रेघा आल्या. मी त्यांना बोलूच दिलं नाही. आधीच सांगून टाकलं, मोटर नाही हां, मोटरचा काही संबंध नाही, मी प्लग काढून बघितलंय. त्या म्हणाल्या, मावशी, मी मोटरचं विचारतच नाही. डबीत सगळं नोंदलं जातं. डबी ठीक आहे, वायर ठीक आहे. पण गेले पाच दिवस, रोज काही तास, तुमच्या छातीवर चुंबक आहे. काय ठेवता तुम्ही इथं?

मी म्हणलं, काही नाही. चुंबकं घरातून केव्हाच हद्दपार झालीत, फ्रिजवरचा पोपटसुद्धा.

आपा माझ्या गळ्याकडं बघत होत्या. मग डॉक्टरीणबाईही बघायला लागल्या. मग मीही खाली बघितलं. टेप आणि चकती. घाईत तशीच आले होते.

बाईंनी चकती हातात घेतली. टेबलावरची एक क्लिप तिच्याजवळ नेली, ती टक्कन चिकटली. मग त्यांनी तीच चकती माझ्या डाव्या खांद्याखाली, माझी नेहमीची खोचायची जागा होती तिथं, नुसती टेकवली.

टीं. टीं. टीं.

काढली. आवाज बंद.

बाईंनी समजावून सांगितलं. तुमच्या डबीवर चुंबक आलं की ती अशी वाजते, तुमच्या प्रत्येक ठोक्याला एकदा. आणि चुंबक आहे तोवर झटका द्यायचं काम बंद ठेवते. ती तशीच बनवलेली आहे. कधी ऑपरेशन करताना आम्हीच मुद्दाम वर चुंबक ठेवतो. काढलं की परत कामाला लागते.

"म्हणजे त्या वेळी मी पडले असते तर?"

"तेवढा वेळ डबीनं तुम्हाला वाचवलं नसतं, मावशी."

 ज्या पाच दिवसांत मी ठणठणीत आहे म्हणून मिरवत होते, त्याच पाच दिवसांत मी उघडी होते. आधीचे महिने हुळहुळणाऱ्या जखमेनं मला वाचवलं होतं. जखम बरी झाली, हात जुन्या जागी गेला, आणि मी ज्या मोटरीसाठी भांडत होते ती बिचारी बाजूला साळसूद बसून होती. आपांनी माझा हात घट्ट धरला होता. मी थोडा वेळ तो धरू दिला.

मग मी पदर सावरला आणि म्हणलं, बाई, आता मला लिहून द्या. काय चालतं आणि काय नाही. मराठीत लिहा, खाली सही करा. बाई हसल्या, पण लिहून दिलं. मिक्सर, टीव्ही, फ्रिज बेलाशक वापरा. मोबाईल उजव्या कानाला, छातीच्या खिशात नको. शिलाई मशीनची मोटर चालेल, अर्थिंग नीट असू द्या, मोटरीवर छाती टेकवून वाकू नका. दारातल्या खांबांमध्ये थांबू नका, चालत राहा. वेल्डिंगच्या जवळ जाऊ नका. मी म्हणलं, वेल्डिंग मी करत नाही. त्या म्हणाल्या, असू द्या, तुमचा भरवसा वाटत नाही. शेवटी लिहिलं, कोणतंही चुंबक छातीपासून हातभर लांब. त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

परतताना रिक्षात आपा हळूच म्हणाल्या, भाईसाबना हे सांगू नका. चकती त्यांनी केलेली. माणूस आधीच अर्धा झालाय, आता पुरता ढासळेल. मी बाजारातून आणून दिली होती असं सांगा, मी शिव्या खाईन. आपांचं हे मन. मी चकती रुमालात गुंडाळून पायाशी, पिशवीत ठेवली होती. वाटेत मला दोन्ही वाटत होतं. एकदा वाटायचं, ही नेऊन ह्यांच्यापुढं आपटावी आणि म्हणावं, घ्या, फरशी रंगवत बसलात आणि मरण माझ्या गळ्यात तुम्हीच घातलेलं. आणि एकदा वाटायचं, नाल्यात फेकून द्यावी आणि जन्मभर तोंड उघडू नये. पण लपवायचं काय असतं ते मी दोन दिवस करून बघितलं होतं. त्यात मरायचीच वेळ आली होती.

तीन दिवसांनी हे आले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच मशीनकडं नजर गेली आणि मोटर दिसली. चेहरा असा झाला की मी आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. मग मी कागद पुढं केला. तो घेतला. उभ्या उभ्या वाचला, चष्मा पुसून परत वाचला. सहीवरून बोट फिरवलं. शेवटच्या ओळीला आले आणि म्हणाले, चुंबकं तर आपण सगळी काढली.

मी चकती रुमालातून काढली आणि हात लांब करून स्टुलावर ठेवली. वरची मखमल उसवून ठेवली होती.

ह्यांनी ती ओळखली. आपल्या हातची वस्तू माणूस ओळखणारच. मी सगळं सांगितलं, आवाजाचं, लपवल्याचं, पाच दिवसांचं, काही गाळलं नाही. ऐकता ऐकता हे खाली बसले, फरशीवर, मशीनच्या त्या पिवळ्या चौकटीत. खालचा ओठ हलायला लागला.

"म्हणजे मीच तुला…"

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकाच माणसासाठी.

"त्या रविवारी ह्याच दोन हातांनी मला परत आणलंत. आता त्याच हातांनी मोटरचा पट्टा नीट बसवून द्या. माझ्याकडून ढिला बसलाय."

 त्यांनी डोळे पुसले, पाना मागितला. पट्टा बसवला, प्लगचं अर्थिंग टेस्टर लावून तपासलं, बटणावर स्वतःचा पाय ठेवून मशीन चालवून बघितलं. सुताराला फोन केला, मोबाईल हातात धरून, माझ्यासमोर, आणि सांगितलं की खाट नको.

पिवळे पट्टे त्यांनी टर्पेंटाईननं खरवडून काढले. पुरते निघाले नाहीत, अजून पुसट दिसतात. एक नवीन चौकट मात्र मारलीय, बाहेर दाराजवळच्या भिंतीवर, पूर्वी मोबाईल टांगायचे त्या खिळ्याभोवती. चकती आता तिथं असते. मी टाचण्या कापसाच्या उशीला टोचते. तरी खाली पडतातच.

संध्याकाळी मी मशीन झाकलं की हे चकती एका काठीच्या टोकाला बांधून घेतात आणि दुखऱ्या गुडघ्यांवर बसून सगळी खोली फिरतात. मी स्टुलावरून हुकूम सोडते, तिकडं बघा, कपाटाखाली एक चमकतेय. मध्येच मान वर करून विचारतात, हातभर लांब हाय ना? मी म्हणते, व्हय, हाय. शेवटची टाचणी निघाली की चकती बाहेर खिळ्याला लावतात. मग मोरीवर जातात आणि दोन्ही हात साबण लावून कोपरापर्यंत धुतात. चुंबक काय धुवून जातं का? मी कितीदा सांगितलं. ऐकत नाहीत. हात कोरडे करतात, दोन्ही पंजे मला लांबून दाखवतात, आणि मग माझ्याजवळ येऊन बसतात.